चार हार्डडिस्क आणि अकरा पस्तीसचा मुहूर्त

अण्णांनी नेहमीप्रमाणे आधी शब्द दिला आणि मग मला फोन केला. कराडला आमचं डीटीपीचं दुकान होतं, म्हणजे दुकान कसलं, घराच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचे जाडजूड अल्बम. तर त्या काळच्या एका गिऱ्हाइकाची मुलगी अण्णांना भेटायला आली, आईवडिलांच्या लग्नाला या मे महिन्यात पंचवीस वर्षं होतायत, तेव्हाची पत्रिका घरात कुणाकडेच राहिलेली नाही, तुमच्याकडे मिळेल का म्हणून. २००१ सालची पत्रिका! दुसरा कुणी असता तर चहा पाजून हसत वाटेला लावलं असतं. अण्णा म्हणाले, "हाय की. लेकीकडं हाय पुण्याला, कंप्युटरमधी."

आणि होती पण. फक्त तो कंप्युटर तीनच दिवसांपूर्वी गेला होता.

वळवाचा पाऊस, लाइट दोनदा लुकलुकले, तिसऱ्यांदा आले तेव्हा टेबलाखालून फट् असा आवाज आला आणि मग तो वास. ज्यांनी एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज देणारा डबा, जळताना कधी हुंगलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मशीन २००९ चं, कोअर टू ड्युओ, जी३१ चा मदरबोर्ड, चार जीबी रॅम, मी त्यावर अजून प्रूफं तपासायचे, लोक हसायचे, हसू देत. जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं तर त्याने कॅबिनेट उघडायच्या आधीच सांगितलं की मॅडम बोर्ड गेला, डेटा रिकव्हरी करावी लागेल, आठ हजारापासून सुरू. उघडायच्या आधी! मी म्हटलं राहू दे आणि ते धूड रिक्षात घालून परत आणलं. अहो, बोर्ड जळला म्हणून हार्डडिस्कमधला डेटा जात नाही. गॅसची शेगडी बिघडली म्हणून डब्यातले तांदूळ जातात का? कधी एसएमपीएस जाता जाता जास्तीचं व्होल्टेज सोडून डिस्कलाही सोबत घेऊन जातो हे खरं आहे, पण ते आधी दुसऱ्या मशीनला लावून बघायचं, रिकव्हरीचा दर नंतर विचारायचा.

तर आत काय काय होतं ते सांगते, कारण पुढची सगळी रामकहाणी त्यावरच आहे. एक, ८० जीबीची आयडीई, म्हणजे जुन्या रुंद केबलची डिस्क, २००५ ची, अण्णांच्या दुकानातली, वर अण्णांच्या हातचा चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर स्केचपेनने "पत्रिका + नगरपालिका". तिच्यात त्याच्याही आधीच्या ४.३ जीबीच्या डिस्कमधलं आणि सीडींवरचं सगळं ओतलेलं. दोन, ३२० जीबीची साटा, म्हणजे नंतरच्या बारीक केबलची, ह्या मशीनसोबत आलेली, तिच्यावर विंडोज. आधी एक्सपी होतं, मग सेव्हन. तीन, १ टीबीची, ही मी २०१२ च्या सुरुवातीला घेतली आणि अजून तिच्या बिलाची आठवण आली की पोटात कसंतरी होतं, कारण २०११ च्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये पूर आला आणि हार्डडिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले, जगभर भाव चढले, आणि मला नेमकी तेव्हाच अक्कल सुचली. जवळजवळ दुप्पट पैसे मोजले. चार, माझ्या २०१६ च्या लॅपटॉपमधली छोटी अडीच इंची डिस्क, लॅपटॉप मेल्यावर काढून डबल साइड टेपने कॅबिनेटच्या तळाला चिकटवलेली. हो, टेपने. सहा वर्षं टिकली.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो आला. त्याने चारीकडे बघितलं आणि म्हणाला, "मावशी, हे म्युझियम आहे. पत्रिकेची डिस्क ठेव, बाकीच्या भंगारात दे. ही ३२० वाली तर नुसती विंडोजची आहे, हिच्यात काय असणार?" हे वाक्य लक्षात ठेवा.

नवीन मशीनचं मी फार वर्णन करत नाही, रायझन ५ ५६००जी, बी५५० चा बोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी पट्टीसारखी डिस्क. ग्राफिक कार्ड नको होतं, या प्रोसेसरमध्ये ते आतच असतं. रॅमचे भाव गेल्या वर्षअखेरीपासून असे काही चढलेत की दुकानदाराने आकडा सांगताना स्वतःच ओशाळं तोंड केलं. थायलंडच्या पुरात डिस्क घेणारी मी, आता ह्या भावात रॅम घेतली, माझं टायमिंग पंचांगात छापायला पाहिजे.

पण कॅबिनेट! आजकालच्या कॅबिनेटला एका बाजूने काच असते, पुढे तीन पंखे रंग बदलत बसतात, आणि हार्डडिस्कला जागा विचारली की दुकानातला पोरगा आपल्याकडे असा बघतो की जणू आपण पाटा-वरवंटा ठेवायला जागा मागतोय. जुन्या कॅबिनेटमध्ये पुढून पाच-सहा डिस्क एकावर एक बसतील असा पिंजरा असायचा, डीव्हीडीसाठी वेगळे दोन खण. आता साडेतीन इंची डिस्कसाठी दोन प्लास्टिकचे ट्रे, तेही तळाला एसएमपीएसच्या शेजारी अंधारात, आणि डीव्हीडी ड्राइव्हला अजिबात जागा नाही. मी चार दुकानं फिरून त्यातल्या त्यात दोन ट्रे आणि मागच्या बाजूला दोन अडीच इंची पाट्या असलेलं घेतलं. तुम्ही जुन्या डिस्क नवीन मशीनमध्ये घालणार असाल तर आधी ट्रे मोजा आणि मग बाकीचं घ्या, मी उलट केलं असतं तर अडकले असते.

स्क्रूंचं एक सांगते. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात आणि अडीच इंचीला, तसंच डीव्हीडी ड्राइव्हला, बारीक आट्यांचे. दिसायला भावंडंच. चुकीचा घातला तर दोन फेरे आत जातो आणि मग अडतो, तिथे जोर लावायचा मोह होतो, लावायचा नाही, आटे जातात. अण्णांनी बिस्किटाच्या डब्यात हे दोन प्रकार वेगवेगळ्या काडेपेट्यांमध्ये भरून ठेवलेले असायचे, तो डबा माझ्याकडे आलाय, आणि त्या दिवशी संध्याकाळी मला त्या काडेपेट्यांचं जेवढं कौतुक वाटलं तेवढं नवीन प्रोसेसरचंही वाटलं नाही.

आता जिथे खरोखर वाट लागली असती ती जागा. नव्या एसएमपीएसच्या केबली सुट्या असतात, पाहिजे तेवढ्या लावायच्या. माझ्यासोबत आलेली साटा पॉवरची केबल एकच, तिला तीन तोंडं, पण ट्रेमधल्या डिस्कपासून मागच्या पाटीपर्यंत ती पोचेना. भाचा म्हणाला थांब, माझ्या घरी माझ्या एसएमपीएसची एक जास्तीची पडलीय, आणि घेऊन आला. दुसऱ्या कंपनीची. एसएमपीएसच्या बाजूला ती इतकी छान खट्‌कन बसली की कुणालाही वाटेल बरोबरच आहे. मी उगाच, म्हणजे खरंच उगाच, दोन्ही केबली शेजारी धरून तारांचे क्रम बघितले तर वेगळे! डिस्ककडचं तोंड सगळीकडे सारखं असतं, त्याचं स्टँडर्ड ठरलेलं आहे, पण एसएमपीएसकडच्या तोंडाचं काहीच ठरलेलं नाही, ज्याच्या त्याच्या मर्जीप्रमाणे. डिस्कला दोन प्रकारची वीज लागते, मोटर फिरवायला १२ व्होल्ट आणि सर्किटला ५ व्होल्ट. दुसऱ्याची केबल लावली आणि ५ च्या जागी १२ आले की संपलं, बटण दाबल्या क्षणी. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कला तर फक्त ५ च लागतात. दुरुस्तीवाल्याचे आठ हजार वाचवले म्हणून मी मिरवत होते, आणि घरच्या घरी फुकटात डिस्क जाळली असती. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. केबल परत पिशवीत गेली आणि आम्ही छोटी डिस्क पाटीवरून काढून केबल पोचेल अशा जागी ठेवली. कशाने चिकटवली ते विचारू नका.

मग विंडोज. मी आयडीईवाली सोडून बाकीच्या डिस्क लावल्या, पेन ड्राइव्ह लावला, नव्या एनव्हीएमईवर विंडोज ११ टाकलं, अर्ध्या तासात झालं, मी खूश. दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉपवाली डिस्क जरा नीट बसवावी म्हणून मशीन बंद करून तिची केबल काढली आणि चालू केलं तर स्क्रीनवर बूट डिव्हाइस नाही! कालचं विंडोज गेलं कुठे? कुठे गेलं नव्हतं, विंडोज एनव्हीएमईवरच होतं, पण ते सुरू करून देणाऱ्या फाइली लॅपटॉपच्या डिस्कवर जाऊन बसल्या होत्या. त्या डिस्कवर जुन्या विंडोज १० चं शंभर एमबीचं ईएफआय पार्टिशन, म्हणजे ह्याच फाइलींचा कप्पा, होतं, इन्स्टॉलरने ते बघितलं आणि म्हटलं असेल चला आहेच तर नवीन कशाला करा. म्हणजे नव्याकोऱ्या मशीनची किल्ली दहा वर्षं जुन्या, टेपने चिकटवलेल्या डिस्ककडे. हे मागाहून नीट करता येतं, पण मी सरळ सगळ्या डिस्कच्या केबली काढल्या, एकटी एनव्हीएमई ठेवली आणि विंडोज पुन्हा टाकलं. विंडोज टाकताना जुन्या डिस्क बाहेर. हे एवढं जरी कुणी वाचून केलं तरी माझा एक रविवार सत्कारणी लागला.

त्यानंतर १ टीबीची दिसेना. केबल बदलली, तोंड बदललं, कानाला लावून बघितलं तर फिरतेय मस्त, पण मशीनला दिसत नाही. तासभर मी पुरात घेतलेल्या त्या डिस्कचं सुतक पाळलं. मग बोर्डचं मॅन्युअल उघडलं (जे आपण कधीच उघडत नाही), तर आत बारीक अक्षरात, की दुसऱ्या एम-टू खाचेत (एनव्हीएमई बसते ती) काही लावलं तर साटा ५ आणि ६ बंद होतात. मी एनव्हीएमई दुसऱ्या खाचेत लावली होती कारण पहिली पंख्याखाली होती आणि माझा हात जात नव्हता, आणि डिस्क लावली होती नेमकी साटा ५ ला. केबल २ नंबरला घातली, आली. भाचा हे ऐकून म्हणाला, "हे तर बेसिक आहे मावशी." केबलची पिशवी अजून सोफ्यावरच होती, मी फक्त तिच्याकडे बघितलं.

डिस्क दिसायला लागल्यावर पहिलं काम, त्यांची नाडी बघायची. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, उघडलं की प्रत्येक डिस्कचा स्वतःबद्दलचा जमाखर्च दाखवतं, निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे गंगाजल आणा. १ टीबीची निळी, एकतीस हजार तास चाललेली. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे साडेतीन वर्षं न थांबता फिरल्यासारखं. ३२० वाली पिवळी. आठ सेक्टर पेंडिंग, म्हणजे अशा आठ जागा की तिथलं नीट वाचता येत नाहीये, आणि तिथलं पुढेमागे वाचता येईल की नाही हे डिस्कलाही माहीत नाही. असं दिसलं की त्या डिस्कवर बाकी काही उद्योग करायचे नाहीत, चेकडिस्क नाही, डीफ्रॅग नाही, आधी जे वाचता येतंय ते उचलून दुसरीकडे ठेवायचं.

पण मी त्या यादीत भलत्याच आकड्यावर थबकले. पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट काउंट. डिस्कला रीतसर बंद न करता अचानक वीज गेली की वाचणारं डोकं घाईघाईने मागे सरकून जागेवर जातं, तसं किती वेळा झालं त्याची ही नोंद. नव्याशा लॅपटॉपवालीचा आकडा किरकोळ. ३२० वालीचा हजाराच्या घरात! २००९ ते २०१३ ती कराडला होती. आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंगचं वेळापत्रक दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर लिहिलेलं असायचं, आणि यूपीएसची बॅटरी म्हणजे नावाला, ती टी-टी करायला लागली की अण्णा ओरडायचे "सेव्ह कर, सेव्ह कर!" आणि तिसऱ्या टी ला अंधार. पत्रिका सेव्ह झाली की नाही ते लाइट आल्यावर कळायचं. त्या प्रत्येक अंधाराची खूण ह्या डिस्कने आपल्या पोटात लिहून ठेवलीय, आणि आम्हाला वाटत होतं ते दिवस कुणाच्या लक्षात नाहीत. पिवळी झाली तर झाली बिचारी.

आता मुख्य पाहुणी, आयडीईवाली. नव्या बोर्डावर आयडीईची ती रुंद चाळीस पिनांची खाच नसतेच, त्यामुळे तपकीर गल्लीत जाऊन आयडीई आणि साटा दोन्ही चालणारा यूएसबी अॅडॉप्टर आणला. घेताना वेगळा पॉवरचा ठोकळा असलेलाच घ्यायचा, यूएसबीमधून ५ व्होल्ट येतात आणि ह्या डिस्कच्या मोटरला १२ लागतात. लावलं. डिस्क घूंऽऽ करून फिरायला लागली, तो आवाज ऐकला आणि क्षणात मला पुढच्या खोलीतला टोनरचा वास आला. पण स्क्रीनवर काही नाही. परत लावलं, नाही. दुसऱ्या यूएसबीत, नाही.

मग डिस्कच्या ढुंगणाकडे बघितलं (सॉरी, पण दुकानात सगळे तसंच म्हणायचे), तिथे पॉवर आणि डेटाच्या मधे पिनांच्या जोड्या आणि त्यातल्या एकीवर तांदळाएवढा जंपर. एका केबलवर दोन डिस्क असायच्या त्या काळी, एक मास्टर आणि एक स्लेव्ह, आणि कोण कोण ते ह्या जंपरवर ठरायचं. ही २००९ च्या मशीनमध्ये दुय्यम म्हणून बसली तेव्हा अण्णांनीच ती स्लेव्ह केलेली. अॅडॉप्टरवर ती एकटीच, तिच्यावर मालक कुणी नाही, तरी ती मालकाची वाट बघत बसलेली. भुवया कोरायच्या चिमट्याने जंपर काढला, तो उडाला, मी आणि भाचा दहा मिनिटं मोबाइलच्या टॉर्चने फरशीवर रांगत होतो, शेवटी माझ्या ओढणीत सापडला. डिस्कच्या वरच्या लेबलावर छोटं चित्र असतं कुठली जोडी म्हणजे मास्टर, त्याप्रमाणे बसवला, आणि आली! ७४.५ जीबी. (८० विकत घेतले तरी विंडोज ७४.५ च दाखवतं, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.)

आता गंमत बघा, ही सगळी डिस्क, अण्णांच्या दुकानाची दहा-बारा वर्षं, माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेल्या पेन ड्राइव्हमध्ये मावते आणि वर जागा उरते. कॉपीला मात्र अडीच तास लागले, कारण हजारो बारक्या फाइली. पत्रिका ज्यात करायचो त्या कोरलला सवय होती, प्रत्येक फाइलची एक बॅकअप ऑफ अमुकतमुक करून ठेवायची, त्यामुळे प्रत्येक लग्न दोनदा.

३२० वरून कॉपी करताना "या फोल्डरसाठी तुम्हाला परवानगी नाही" असं आलं. माझ्याच फोल्डरसाठी, मलाच. जुन्या विंडोजमधली मी आणि नव्या विंडोजमधली मी, नाव तेच असलं तरी विंडोजच्या लेखी दोन वेगळ्या बायका, आतला ओळखक्रमांक वेगळा. कंटिन्यू दाबलं की तो एकेका फाइलवर नवा शिक्का मारत बसतो, आपण तोवर भाजी निवडून घ्यायची. आता हे नुसतं हो म्हणून सुटलं, कारण जुन्या डिस्कना कुलूपच नव्हतं, नुसती पाटी होती. नवीन मशीनवर तसं नाही हं. विंडोज ११ नव्याने टाकलं आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलो की बऱ्याच मशीनवर आपोआप एन्क्रिप्शन चालू होतं, आपल्याला न विचारता. माझ्याकडे झालेलं होतं. उद्या हे मशीन असंच वळवात गेलं आणि मी एनव्हीएमई काढून दुसरीकडे लावली तर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती त्या खात्यात साठवलेली असते, पण मी आपली कागदावर उतरवून स्क्रूंच्या डब्यात टाकलीय.

तर पत्रिका. नावाने शोधणं अशक्य, कारण २००१ ची फाइलनावं म्हणजे गावाची पहिली तीन अक्षरं आणि एक आकडा, हे अण्णांचं स्वतःचं शास्त्र. पण फाइल कितीही वेळा कॉपी केली तरी तिची शेवटचा बदल केल्याची तारीख तीच राहते, म्हणून त्या तारखेने लावल्या आणि एप्रिल २००१ मध्ये गेले. अण्णा फोनवर. "उंब्रजची पार्टी. उंब. बघ उंब कितवं हाय." उंब४ निघाली. कोरल माझ्याकडे नाही, लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उघडली, ते जुन्या सीडीआर फाइली बऱ्यापैकी उघडतं. गणपती आला. वेलबुट्टी आली. कलश आला. आणि मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलरची चिन्हं, उंदराने कुरतडल्यासारखं.

तेव्हा युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखीच चालणारी मराठी, आमच्यापर्यंत आलेलं नव्हतं. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशी मराठी टाइप करायची सॉफ्टवेअरं, ज्याचं त्याचं वेगळं होतं, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे, कुठे अर्धा क, कुठे नुसती मात्रा. फाइलमध्ये खरं तर मराठी नसतंच, मराठी असते फॉन्टमध्ये. तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर "आमच्या येथे श्रीकृपेकरून" चं ते असं होतं. आणि ते सॉफ्टवेअर चालवायला प्रिंटरच्या पोर्टला एक डोंगल, म्हणजे किल्लीसारखा छोटा ठोकळा, लावायला लागायचं, डोंगल आहे माझ्याकडे, डब्यातच आहे, पण नव्या बोर्डाला ते रुंद पोर्ट कुठलं. मी फोनवर अण्णांना काय सांगावं याचा विचार करत बसले, आणि मग डोक्यात आलं की टाइप करायला डोंगल लागतं, नुसतं बघायला फॉन्टची फाइल पुरते. आणि फॉन्ट कुठे असतात? विंडोजच्या फोल्डरमध्ये. कुठल्या विंडोजच्या? कराडहून आलेल्या मशीनच्या.

म्हणजे ३२० वाली. "हिच्यात काय असणार" वाली. मी तिच्यावरचं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट उचललं होतं, विंडोजचं फोल्डर नव्हतं उचललं, आणि ती भंगारच्या खोक्यात पडलेली, पिवळी. परत लावली. शोधमध्ये नुसतं टीटीएफ, म्हणजे फॉन्टच्या फाइलीचं शेपूट, टाकलं आणि श्वास धरून बसले, मधे एकदा ती टक्‌ टक्‌ करून थांबली तेव्हा मी तिला चक्क "चल गं बाई" म्हटलं. आले. एका मागोमाग एक, श्री-देव आणि पुढे चार आकडे, दीडशेच्या वर. सगळे उचलले, नव्या मशीनवर इन्स्टॉल केले, फाइल परत उघडली आणि ती वाचता यायला लागली. दोनचार मात्रा इकडच्या तिकडे झाल्या होत्या, त्या मी ओढून जागेवर नेल्या. भाच्याला मी काहीच बोलले नाही. तोच म्हणाला, "ठीके, सी ड्राइव्ह फॉरमॅट नाय करायचा." सी ड्राइव्ह म्हणजे नुसतं विंडोज असं सगळे समजतात हो, पण माणसाचं डेस्कटॉप तिथे, जुने मेल तिथे, फॉन्ट तिथे, बायका कपाटात कमी आणि गादीखाली जास्त ठेवतात तसंच.

अण्णा फोनवर ताटकळत होतेच. मी म्हटलं, "अण्णा, आली. चि. सौ. कां. सगळं दिसतंय." दोन सेकंद काही बोलले नाहीत आणि मग विचारलं, "मुहूर्त बघितलास का?"

बघितला. ११ वाजून ५३ मिनिटे.

आणि मला आठवलं. मी तेव्हा सोळा वर्षांची. बटर पेपरवर प्रिंट काढून दिला, स्क्रीन प्रिंटिंग होऊन तीनशे पत्रिका आल्या, आणि न्यायला आलेल्या काकांनी पहिलीच उघडून म्हटलं, "मुहूर्त पस्तीसचा हाय, तुम्ही त्रेपन्न केलाय." आकडे उलटे पडलेले. पुन्हा छापायला वेळ नव्हता. त्या रात्री मी, आई आणि अण्णा बारीक काळ्या पेनने तीनशे पत्रिकांवर ५ चा ३ आणि ३ चा ५ करत बसलो होतो, ५ चा ३ जमतो, ३ चा ५ करताना पोट फुगतं, लाइट मधेच गेले ते गेलेच, शेवटच्या शंभर कंदिलावर. फाइलमध्ये मात्र कुणी दुरुस्त केलंच नाही. कशाला करणार, लग्न होऊन गेलं.

"बदलता येईल का तुला?" अण्णा म्हणाले. "डोंगल न्हाई म्हणालीस."

डोंगल कशाला हवं, दोन्ही आकडे तिथेच तर होते. ५ कापला आणि ३ च्या पुढे नेऊन टाकला. पीडीएफ करून अण्णांच्या मोबाइलवर पाठवली, त्यांनी चष्मा लावून मोठी करून बघितली असणार, कारण उत्तराला पाच मिनिटं लागली.

मी विचारलं, त्या मुलीला किती सांगू अण्णा?

"काय घेऊ नगस. तवाचे पन्नास रुपये कमी करायचे ऱ्हायलेत तिच्या बापाचे."